शेवटच्या खोलीत एसीची हवा पोचत नाही? मशीन बदलायच्या आधी हवा परत कुठून येते ते बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गुहागरजवळ आई-बाबांसाठी जांभ्याचं घर बांधलंय, वर कौलं, खाली पीओपीचं फॉल्स सिलिंग, ५.५ टनाचं डक्टेबल मशीन (एकच एसी, डक्ट म्हणजे हवेच्या नळ्यांतून सगळ्या खोल्यांना हवा देणारा) पॅसेजच्या सिलिंगवर बसवलंय, हॉल मस्त गार होतो पण टोकाच्या आईच्या खोलीत ग्रिलमधून नुसती झुळूक येते, पावसात त्याच ग्रिलमधून पाणी टपकतं, आणि आई रात्री बाराला उठून ओटीवर येऊन झोपते. ज्याने काम केलं तो म्हणतो मशीन कमी पडतंय, ८.५ टनाचं घाला. तुम्ही विचारलंय घालू का.

नका घालू. निदान मी खाली सांगतोय ते सगळं तपासून होईपर्यंत तरी एक रुपया खर्च करू नका. मी बावीस वर्षं हे काम करतोय, सुरुवात पत्रा कापण्यापासून केली, दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत बंगले, होमस्टे, छोटी हॉटेलं केलीत, आणि "शेवटची खोली गार होत नाही" या तक्रारीत मशीन खरोखर लहान निघालं असं फार थोड्या वेळा झालंय. बहुतेक वेळा मशीनला गारवा तयार करता येतो पण तो नेणारी हवाच कमी असते, आणि हवा कमी असते कारण तिला परत यायला वाट नसते.

हे परत येण्याचं प्रकरण आधी समजून घ्या कारण बाकी सगळं त्यावर आहे. एसी बाहेरून हवा आणून घरात भरत नाही, घरातलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा घरात सोडतो, म्हणजे जेवढी ओढेल तेवढीच सोडेल. तुम्ही आईच्या खोलीत हवा ढकलताय, दार बंद आहे, खोलीत परतीचं ग्रिल नाही, मग ती हवा जाणार कुठे? खोलीत थोडा दाब तयार होतो आणि ग्रिलमधून येणारी हवा तिथेच अडते. तोंडाने फुगा फुगवताना शेवटी शेवटी गाल दुखायला लागतात ना, तसंच. आणि तिकडे पॅसेजमध्ये मशीन ओढतंय पण बेडरूममधून परत काही येत नाहीये, म्हणून ते मिळेल तिथून ओढतं, मुख्य दाराच्या फटीतून, किचनच्या एक्झॉस्टच्या भोकातून, आणि कौलारू घरात सगळ्यात वाईट म्हणजे सिलिंगच्या वरून.

याची परीक्षा फुकटात होते. आज रात्री आईच्या खोलीतल्या ग्रिलला टिश्यू पेपरची एक पट्टी चिकटवा, मशीन फुल स्पीडला ठेवा, दार सताड उघडं ठेवून पट्टी किती उडते ते बघा, मग दार बंद करून बघा. दार बंद केल्यावर पट्टी खाली पडत असेल तर अर्धा आजार तिथेच सापडला. मग दाराच्या खालच्या फटीपाशी उदबत्ती धरा, धूर जोरात बाहेर पॅसेजकडे पळत असेल तर खोलीतली हवा अक्षरशः बाहेर पडायला धडपडतेय असं समजा.

दाराखाली एक इंच फट ठेवली की झालं असं सुतार सांगतात, ते खरं नाही. तीस इंची दाराखाली एक इंच फट म्हणजे तीस चौरस इंच, त्यातून आवाज न करता, दाब न वाढवता साधारण ६० सीएफएम (मिनिटाला साठ घनफूट) हवा जाते. तुमच्या आईच्या खोलीला, १२ बाय १४, पश्चिमेची भिंत आणि वर कौलं, मी किमान ३५० सीएफएम धरीन. साठ कुठे आणि साडेतीनशे कुठे. म्हणून दाराच्या वर किंवा भिंतीत एक ट्रान्सफर ग्रिल लागतं, खोलीतून पॅसेजमध्ये उघडणारं, साधारण दोन फूट बाय एक फूट. जांभ्याच्या भिंतीत भोक पाडायचं जिवावर येतं हे मला माहितीय, चिरा निखळला तर वरचा थर हलतो, म्हणून भिंतीऐवजी दाराच्या वरच्या झडपेची जागा वापरा, जुन्या घरात तिथे हवेसाठी झडप असायचीच, ती उगाच नव्हती. आवाज आणि उजेड येऊ नये असं वाटत असेल तर सिलिंगवरून इन्सुलेटेड डक्टचा छोटा तुकडा टाकून खोलीतून पॅसेजमध्ये उतरवायचा, एक ग्रिल इकडे एक तिकडे, त्याला जंप डक्ट म्हणतात. सगळ्यात चांगलं म्हणजे प्रत्येक खोलीतून स्वतंत्र रिटर्न, म्हणजे परतीचा डक्ट, पण झालेल्या घरात ते फार तोडफोडीचं काम आहे, आणि जंप डक्टने नव्वद टक्के काम होतं असा माझा अनुभव आहे.

आता पॅसेजमधलं मुख्य रिटर्न ग्रिल. तुम्ही फोटोबरोबर लिहिलंय की ते दोन फूट बाय दोन फूट आहे आणि मशीन चालू झालं की शिट्टीसारखा आवाज येतो. तो आवाजच उत्तर आहे. हिशोब करू. डक्टेबल मशीनला टनामागे साधारण ४०० सीएफएम हवा लागते, आपल्याकडे दमट असल्यामुळे मी ३५० ते ३७५ च्या मध्ये ठेवतो, कारण हवा जरा सावकाश गेली की कॉईलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) जास्त पाणी सुटतं आणि खोली कोरडी वाटते. म्हणजे ५.५ टनाला दोन हजाराच्या आसपास. ग्रिल चार चौरस फूट, पण पट्ट्यांची जागा वजा केली की मोकळी जागा पावणेतीनच्या आसपास उरते. दोन हजार भागिले २.८ म्हणजे मिनिटाला सातशे फुटांचा वेग. रिटर्नला तो चारशेच्या आत पाहिजे. म्हणजे मोकळी जागा पाच चौरस फूट हवी, एकूण ग्रिल सात चौरस फुटांचं, आहे त्याच्या पावणेदोनपट. फिल्टर याच ग्रिलमागे बसवला असेल तर आणखी मोठं घ्या, मी तर नवीन कामात आठच्या खाली जातच नाही. पॅसेजमध्ये दुसरं ग्रिल काढा किंवा हॉलच्या बाजूने एक जोडा, पत्र्याचा मिस्त्री एका दिवसात करून देईल.

यापुढचं मात्र नीट वाचा, हे शहरातल्या फ्लॅटच्या पुस्तकात सापडणार नाही. टॉर्च घ्या, रिटर्न ग्रिल उघडा आणि आत डोकं घालून वर बघा. ग्रिलपासून मशीनच्या मागच्या तोंडापर्यंत पत्र्याची बंद पेटी दिसते का? की नुसतीच पोकळी आहे आणि वर वासे, रिपा, कौलं दिसतात? पुण्या-मुंबईत सिलिंगच्या वरची पोकळीच रिटर्न म्हणून वापरायची पद्धत आहे, तिथे वर आरसीसी स्लॅब असतो, चारी बाजूंनी बंद असतं, म्हणून खपून जातं. तोच माणूस तीच पद्धत कौलारू घरात करतो आणि तिथे घात होतो. कौलाच्या प्रत्येक सांध्यातून हवा येते, कौल असतंच त्यासाठी. मशीन मग खोलीतली हवा ओढण्याऐवजी माळ्यावरची हवा ओढतं, एप्रिल-मेमध्ये ती भट्टीसारखी आणि जुलैत ओल्या पोत्यासारखी.

ओल्या पोत्यासारखी म्हणजे किती, तेही सांगतो. पावसाळ्यातली बाहेरची हवा २८ डिग्री आणि आर्द्रता ८५ टक्के धरा, अशा एक किलो हवेत वीसएक ग्रॅम पाणी असतं. आत २५ डिग्री आणि ५५ टक्के ठेवायचं तर अकरा ग्रॅम. रिटर्नमध्ये नुसती दहा टक्के, म्हणजे दोनशे सीएफएम हवा जरी माळ्यावरून आली तरी तासाला साडेतीन लिटरच्या वर पाणी मशीनला काढावं लागतं, आणि त्यात पाऊण टनाच्या आसपास ताकद जाते. तुमच्या साडेपाचातला पाऊण टन फक्त पाऊस गाळण्यात. त्यामुळे पोकळी दिसली तर पहिलं काम ते, ग्रिल ते मशीन अशी जीआयची (झिंकचा मुलामा दिलेल्या पत्र्याची) किंवा प्री-इन्सुलेटेड (इन्सुलेशन आधीच असलेल्या) पॅनेलची बंद पेटी करून घ्या, सगळे सांधे सील करून. बाकी काही करायला पैसे नसतील तरी हे करा.

मालवणजवळच्या एका होमस्टेवाल्यांनी असंच बोलावलं होतं, सहा खोल्या, दोन डक्टेबल मशीनं, त्यातल्या एकाची हवा सगळ्याच खोल्यांत मरतुकडी. मालक म्हणाले, "मशीन बरा आसा, वारो खंय जाता तां कळणा नाय." फिल्टर साफ होता, डक्ट ठीक होता, रिटर्न ठीक होता, माझा अर्धा दिवस गेला. शेवटी ब्लोअरचं (हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) झाकण उघडून मशीन बंद करायला सांगितलं आणि पंखा थांबता थांबता बघितला, तर केसिंगवर बाण एका बाजूला आणि पंखा फिरतोय दुसऱ्या बाजूला. मोटर जळाली म्हणून भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) आणली होती आणि परत जोडताना तीनपैकी दोन फेज अदलाबदल झाल्या होत्या. या प्रकारचा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त निम्म्याहून कमी, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दोन वायरी बदलल्या, पाच मिनिटांचं काम. दीड सीझन त्या माणसाने गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी बाण आणि पंखा बघतो, मग पुढे. तुमचं मशीन थ्री फेज असेल आणि कधी मोटर उघडली असेल तर तुम्हीही बघून घ्या. बेल्टवर चालणारा ब्लोअर असेल तर बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबून बघा, अर्ध्या इंचापेक्षा फार जास्त दबला तर ढिला आहे, पट्टा घसरतो आणि हवा कमी होते. पंखा थांबता थांबता बघायचा, आणि बेल्टला किंवा कशालाही हात लावायच्या आधी मेन बंद, एमसीबी खाली, आणि दुसऱ्या कुणी वर करू नये म्हणून एक माणूस तिथे उभा.

फिल्टर आणि कॉईल याबद्दल जास्त लिहित नाही, ते सगळेच सांगतात. फक्त एवढंच की आपल्याकडे पावसाळ्यात फिल्टरवरची धूळ कोरडी नसते, ती ओलसर होऊन लगदा होते आणि झटकून निघत नाही, धुवावीच लागते, सीझनमध्ये पंधरा दिवसांनी. आणि घर सहा-सहा महिने बंद असतं, गणपतीला एकदम उघडतं आणि वीस माणसं येतात, तेव्हा मशीन चालू करायच्या आदल्या दिवशीच फिल्टर, ड्रेन ट्रे आणि कॉईल धुवून घ्या. ट्रेमध्ये शेवाळ झालेलं असतं, ते ड्रेन पाईपात अडकलं की पाणी सिलिंगवर येतं आणि लोक म्हणतात डक्ट गळतोय.

आता आईच्या खोलीकडे जाणारा डक्ट. तुम्ही लिहिलंय आठ इंची फ्लेक्सिबल आहे, पंचवीस फूट, "थोडा लोंबकळलाय". दादा, सगळा खेळ त्या थोड्यात आहे. फ्लेक्सिबल डक्ट म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यावर प्लास्टिक, तो पूर्ण ताणला तरच आतून गुळगुळीत राहतो. वीस फुटांच्या जागेत पंचवीस फूट कोंबला की आतल्या भिंतीला चुण्या पडतात आणि हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, तिप्पट-चौपट होतो. तो ताणून घ्यायचा, जास्तीचा तुकडा कापून टाकायचा, दर चार फुटांवर दीड-दोन इंच रुंदीच्या पट्टीने वाशाला टांगायचा, बारीक तारेने बांधायचा नाही कारण तार डक्टला चिमटा काढते. फुटामागे अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नको. वळण घ्यायचं तर मोठं, आठ इंची डक्टला आठ इंचाचा तरी गोलावा द्या, भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबून बसवलेला फ्लेक्सिबल मी रोज बघतो आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो.

आणि मुळात आठ इंच पुरतच नाही. नीट ताणलेला आठ इंची डक्ट साधारण दोनशे सीएफएम नेतो, त्यापुढे आवाज आणि दाब दोन्ही वाढतात. साडेतीनशेला दहा इंची पाहिजे. लोकांना वाटतं दोन इंचाने काय होणार, पण डक्ट रुंद केला की क्षेत्रफळ तर वाढतंच, भिंतीला घासणाऱ्या हवेचं प्रमाणही कमी होतं, त्यामुळे सहाच्या जागी आठ टाकला तर त्याच दाबात दुप्पट हवा जाते आणि आठच्या जागी दहा टाकला तर पावणेदोनपटीच्या वर. माळ्यावर जागा असेल तर मी शेवटच्या पाच-सहा फुटांपर्यंत जीआयचा गोल डक्टच नेतो आणि फक्त ग्रिलच्या तोंडाशी छोटा फ्लेक्सिबल जोडतो. माळ्यावर उंदीर असतात, कांडेचोर (उदमांजर) तर हमखास, फ्लेक्सिबल त्यांना कुरतडायला सोपा पडतो. दोन वर्षांपूर्वी देवरुखच्या बाजूला एका घरात डक्टमध्ये कांडेचोराने पिल्लं घातली होती, इन्सुलेशन फाडून मऊ घरटं केलेलं, आणि घरच्यांना वाटत होतं वास मशीनचा येतोय. पत्रा त्यांना फाडता येत नाही.

डक्टची एक फांदी सुधारली की बाकीच्या खोल्यांचं बॅलन्सिंग, म्हणजे हवेची वाटणी, करावं लागेल. हॉल मशीनच्या जवळ आहे, म्हणून हवा आधी तिकडे पळते, पाणी जसं आधी उताराला जातं तसं. मुख्य डक्टमधून हॉलची कॉलर (फाट्याचं तोंड) जिथे निघते तिथे डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप) आहे का बघा, असला तर तो थोडा थोडा बंद करत जा, एकदम नाही, पाव-पाव वळण, आणि प्रत्येक वेळी आईच्या खोलीत जाऊन मोजा. नसेल तर बसवून घ्या. ग्रिलच्या तोंडावरचा डॅम्पर बंद करू नका, तिथे बंद केला की शिट्टी वाजते. आणि न वापरातल्या खोलीची ग्रिलं ठार बंद करायची सवय असेल तर तीही सोडा, सगळीकडे बंद केलं की ब्लोअरवर दाब चढतो, एकूण हवा कमी होते, आणि जिथे जिथे सांधा सैल आहे तिथून गळती वाढते.

मोजायचं कशाने? हवेचा वेग मोजणारा एक साधा ॲनिमोमीटर, चक्री फिरणारा, घेऊन ठेवा, घरात तीन-चार एसी असतील तर वाया जात नाही. ग्रिलवर नऊ ठिकाणी धरून सरासरी काढा, मिनिटाला किती फूट ते येईल, त्याला ग्रिलच्या मोकळ्या जागेच्या चौरस फुटांनी गुणा, सीएफएम मिळाले. ॲनिमोमीटर मिळेपर्यंत कचऱ्याची मोठी पिशवी चालेल, पाकिटावर लिटर लिहिलेले असतात. पिशवी चुरगाळून रिकामी करून तोंड ग्रिलवर घट्ट धरायचं आणि फुगायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर बघायचं. १२० लिटरची पिशवी तीन सेकंदांत फुगली तर सेकंदाला ४० लिटर, म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास सीएफएम. तुमच्या वर्णनावरून आईच्या खोलीत एवढंच येत असेल असा माझा अंदाज आहे.

टपकणाऱ्या पाण्याचं. बऱ्याच जणांना हे दोन वेगळे आजार वाटतात, झुळूक कमी आणि पाणी टपकतं, पण मूळ एकच आहे. २८ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू पंचवीस डिग्रीच्या आसपास असतो, म्हणजे पंचविसापेक्षा गार कशालाही ती लागली की पाणी धरते, थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसं. मशीनमधून हवा बरोबर प्रमाणात जात असेल तर ग्रिलमधून तेरा-चौदा डिग्रीने बाहेर पडते. हवा कमी झाली की कॉईलवर जास्त वेळ रेंगाळते आणि नऊ-दहा डिग्रीने बाहेर येते, ग्रिल आणखी गार होतं आणि घाम आणखी सुटतो. फार कमी झाली तर कॉईलवर बर्फच धरतो, मग हवा आणखी कमी. म्हणून हवा वाढवली की निम्मा घाम तिथेच थांबतो. रिटर्न आणि सप्लायच्या (ग्रिलमधून खोलीत येणाऱ्या) हवेत फरक किती तेही थर्मामीटरने बघा, आठ ते अकरा डिग्री असेल तर ठीक, चौदाच्या वर असेल तर हवा नक्की कमी आहे. हा फरक जास्त असला की लोक खूश होतात की मशीन जोरात चाललंय, खरं तर उलट असतं.

उरलेला घाम इन्सुलेशनचा. ग्रिलची कॉलर आणि पीओपी यांच्यात फट असते, त्यातून माळ्यावरची दमट हवा खाली झिरपते आणि गार पत्र्यावर पाणी होते. ती फट सिलिकॉनने किंवा फोमच्या गॅस्केटने बंद करा. डक्टवर माळ्याच्या भागात क्लोज्ड सेल (बंद छिद्रांचं) नायट्राईल रबर १९ मिलीमीटरचं तरी पाहिजे, पश्चिमेच्या बाजूला मी पंचवीसचं घालतो. ९ मिलीमीटरचं शहरात गार खोलीच्या आत चालतं, आपल्या माळ्यावर नाही. आणि इन्सुलेशनच्या जाडीपेक्षाही त्याचे सांधे महत्त्वाचे, एक बोटभर फट राहिली तर हवेतली वाफ तिथून आत शिरते आणि रबर आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी साठून पत्रा आतून सडतो. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि वरून खारी हवा, अशा ठिकाणी झिंकचा मुलामा किती टिकणार. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर मी डक्ट ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा किंवा प्री-इन्सुलेटेड पॅनेलचाच सुचवतो, ग्रिलं ॲल्युमिनियमची पावडर कोटेड, स्क्रू स्टेनलेसचे.

सांध्यांना कापडी डक्ट टेप लावू देऊ नका. नाव डक्ट टेप असलं तरी ती डक्टवर टिकत नाही, अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ च्या सुमारास वेगवेगळ्या टेप आणि मॅस्टिक (सांध्यावर लावायचा घट्ट लेप) गरम-गार करून तपासले होते, त्यात कापडी टेपचाच निकाल सगळ्यात वाईट लागला. आपल्या दमटात तर दोन पावसांत तिचा डिंक सुटून ती कावळ्याच्या पंखासारखी लोंबायला लागते. फ्लेंजमध्ये (डक्टच्या जोडाच्या कडांमध्ये) गॅस्केट, सांध्यावर सीलंट किंवा मॅस्टिक ब्रशने, आणि त्यावर ॲल्युमिनियम फॉइल टेप, तीही पत्रा कोरड्या फडक्याने पुसून. ओल्या पत्र्यावर टेप लावणाऱ्याला तिथेच थांबवा. हे काम मेपर्यंत उरकून घ्या, एकदा पाऊस लागला की माळ्यावर काही सुकत नाही.

आता ८.५ टनाबद्दल, म्हणजे तुम्हाला त्या माणसाला काय सांगायचं ते कळेल. मोठ्या मशीनला तीन हजार दोनशेच्या आसपास सीएफएम लागतील. डक्ट तोच, रिटर्न तोच. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, दोन हजारचे बत्तीसशे करायचे म्हणजे १.६ पट हवा आणि अडीचपटीहून जास्त दाब. ब्लोअर तो दाब देऊ शकणार नाही, आवाज वाढेल, हॉल दहा मिनिटांत गार होऊन थर्मोस्टॅट मशीन बंद करेल आणि आईच्या खोलीत पुन्हा तीच झुळूक. शिवाय मशीन सारखं चालू-बंद झालं की हवेतलं पाणी निघत नाही, घर गार आणि चिकट दोन्ही राहतं, कपाटातल्या साड्यांना बुरशी येते. पहिला आधुनिक एसी विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी बनवला तो मुळी दमटपणामुळे कागद फुगायचा म्हणून, माणसांना गार वाटावं म्हणून नाही. कोकणात एसीचं पहिलं काम आजही तेच आहे, पाणी काढणं, आणि ते सावकाश, सलग चालणारं बरोबर मापाचं मशीनच करतं.

इंटरनेटवर डक्टचे व्हिडिओ बघून तुम्ही विचारलंय की ग्रिल जमिनीलगत घ्यावं का. ते व्हिडिओ थंड देशांतले असतात, तिथे डक्टमधून मुख्यतः गरम हवा येते, ती वर जाते म्हणून खालून सोडतात. आपल्याला गार हवा सोडायचीय, ती आपोआप खाली उतरते, ग्रिल वरच बरोबर आहे. दापोलीकडे जानेवारीत पहाटे गारठा पडतो म्हणून काही जण हिट पंपवालं, म्हणजे थंडीत गरम हवाही देणारं मशीन घेतात, त्यांनी थंडीपुरत्या ग्रिलच्या पट्ट्या खाली वळवाव्यात, बाकी डक्ट, रिटर्न, गळती यांचे नियम तेच. तुमच्या आईच्या खोलीत पट्ट्या पलंगाच्या थेट वर रोखू नका, समोरच्या भिंतीकडे वळवा, वयस्कर माणसाच्या अंगावर रात्रभर गार झोत आला तर सांधे धरतात आणि मग ती एसीच नको म्हणते.

हे सगळं करूनही एक शक्यता उरते, पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन, वर कौलं, आणि सिलिंगवर काही इन्सुलेशन नाही, तर त्या खोलीची गरज संध्याकाळी बाकी घरापेक्षा वेगळीच असते आणि थर्मोस्टॅट बसवलाय हॉलमध्ये, त्याला आईच्या खोलीतलं काही कळत नाही. तेव्हा मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो की त्या एका खोलीत एक टनाचा वेगळा स्प्लिट लावा आणि रात्री डक्टेबल बंद ठेवा. दोन माणसांसाठी रात्रभर साडेपाच टन चालवण्यापेक्षा ते विजेलाही परवडतं. त्यात कमीपणा काही नाही. पण डक्ट, रिटर्न आणि माळ्यावरची गळती दुरुस्त केल्याशिवाय आधीच स्प्लिट लावलात तर गणपतीत घर भरेल तेव्हा बाकीच्या खोल्या रडतील.

आज रात्री एवढं करा. दार उघडं आणि दार बंद असताना पिशवी किती सेकंदांत फुगते ते दोन आकडे, रिटर्न आणि सप्लायचं तापमान, आणि रिटर्न ग्रिलमधून वर बघून काढलेला एक फोटो, कौलं दिसतात की पत्रा ते कळेल असा. ते पाठवा, मग दहा इंची डक्टला माळ्यावरून कुठून वाट काढायची ते मी वाशांच्या मापासकट काढून देतो.